पर्यावरण अहवाल वाचताना आधी तारखा पाहाव्यात

एखाद्या प्रस्तावित पुलाचा, जेट्टीचा किंवा भरावाचा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल हाती आला की बहुतेक जण थेट निष्कर्षांचे पान उघडतात. ते पान शेवटी वाचावे. आधी आधारभूत माहितीचे, म्हणजे प्रकल्पापूर्वीच्या स्थितीचे, प्रकरण काढावे आणि हवा, पाणी, गाळ यांचे नमुने कोणत्या तारखांना, कुठे घेतले ते वहीत टिपावे. अशा मूल्यांकनाचे नियम ठरवणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेखालील अभ्यासांत सहसा पावसाळा सोडून एका हंगामाची मोजमापे चालतात. मुंबईत मात्र खरी कसोटी पावसाळ्यातच लागते, कारण साडेचार मीटरहून उंच भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचे पाणी समुद्र घेत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जानेवारीत मोजलेला नाल्याचा प्रवाह अशा दिवसाबद्दल काय सांगणार?

त्यानंतर अहवालातील नकाशा घेऊन ओहोटीच्या वेळी जागेवर जावे. भरतीरेषा, कांदळवन आणि नाल्याचे मुख नकाशात जिथे दाखवले आहे तिथेच आहे का, हे पाहावे आणि तारखेसह छायाचित्रे काढावीत.

सामाजिक परिणामांच्या बाबतीत कोण मोजले गेले यापेक्षा कोण सुटले हे शोधणे अधिक महत्त्वाचे असते. बाधितांच्या याद्या घरे, गाळे आणि परवानाधारक बोटींवरून बनवल्या, तर ओहोटीला खडकांवर कालवे फोडणारी, तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) वेचणारी बाई त्यांत येत नाही, कारण तिच्या नावावर बोटही नसते आणि गाळाही नसतो. ती किती वाजता उतरते, किती टोपल्या भरते आणि माल कुठे विकते, हे तिच्याशी बोलूनच लिहून घ्यावे. वरळीत किनारी रस्त्याच्या खांबांमधले अंतर आधी ६० मीटर ठरले होते. बोटींच्या ये-जा करण्यास ते अपुरे आहे असा आग्रह कोळी बांधवांनी धरल्यावर ते १२० मीटर झाले. बोट चालवणाऱ्यालाच ठाऊक असणाऱ्या अशा गोष्टी अहवालात आपणहून येत नाहीत.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि मराठी सारांश उपलब्ध करावा लागतो. तो मूळ अहवालाशेजारी ठेवूनच वाचावा. हरकत लेखी द्यावी, तिच्यात पान व तक्ता क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. सुनावणीच्या अखेरीस इतिवृत्त मराठीतून वाचून दाखवणे बंधनकारक असल्याने तोवर जागा सोडू नये. (इमारत बांधकामांना ही सुनावणीच नाही, आणि पुनर्विकासाच्या या शहरात ही उणीव फार मोठी आहे.)

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर तो आदेश कळल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते; पुढचे ६० दिवस मिळण्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. म्हणून आदेश आपल्याला कोणत्या दिवशी आणि कसा कळला, तेही त्याच वहीत लिहून ठेवावे.