डी अँड डी: घाट आपला, आकडे पुस्तकातले

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन आणि फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी गोष्ट, चालवायचं ठरलं की नवा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) आधी जगाचा नकाशा काढायला बसतो. सात राज्यं, त्यांची घराणी, तीन हजार वर्षांचा इतिहास. मग खेळाडू येतात, पहिल्याच गावातल्या खानावळवाल्याशी हुज्जत घालतात आणि सगळी संध्याकाळ तिथेच काढतात. राज्यं राहू द्या. जिथे तुम्ही स्वतः पायी हिंडला आहात अशी एकच जागा घ्या.

माझी जागा नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नरला चढणारी सातवाहनांच्या काळातली वाट, वर सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख असलेलं लेणं, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. माझ्या टेबलावरच्या घाटाचं नाव वेगळं आहे आणि काळ कुठलाच नाही, पण रांजण आहे. तो रोज रात्री आपोआप भरतो, आणि सकाळी त्यात अशा राजाची नाणी सापडतात जो अजून गादीवर बसलेलाच नाही. बस्स, कॅम्पेन सुरू.

आता नियम. आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. तिचे मूळ नियम एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात, त्यामुळे सुरुवातीला पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. फाशांचा एक संच, पेन्सिली आणि छापलेल्या कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायची पानं) पुरतात. आणि नियमांना पहिले काही महिने हात लावू नका. कस्टमाइझ करायचं म्हणजे नवे क्लास (पात्रांचे प्रकार), नवी जादू, स्वतःची लढाईची पद्धत, असा एक समज आहे. माझं मत उलट आहे: आकडे पुस्तकातले ठेवा, कातडं, म्हणजे नाव आणि रूप, बदला.

तसंही या खेळात हे पहिल्यापासून चालत आलंय. १९७४ मध्ये खेळ प्रसिद्ध करणाऱ्या गॅरी गायगॅक्सने आऊलबेअरसारखे (घुबडाच्या तोंडाचं अस्वल) काही राक्षस दुकानातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून रचले होते. तुम्ही आजीच्या गोष्टींवरून रचा.

गॉब्लिन, हा पुस्तकातला छोटा चपळ राक्षस, बघा. आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १५, हिट पॉइंट (किती मार सोसेल) ७, आणि बोनस अ‍ॅक्शनमध्ये निसटायची किंवा लपायची सोय. मी त्याला लेण्यातलं वानर केलं. नाणेघाटात ज्याच्या हातातला बिस्किटांचा पुडा गेला आहे त्याला वर्णन करून सांगावं लागत नाही. तलवारीच्या जागी नखं आणि दात, नुकसान तेवढंच. एकही आकडा बदलला नाही, तरी टेबलावर कोणी 'गॉब्लिन' म्हणालं नाही.

चकव्याला जरा जास्त विचार लागला. रानात रात्री वाट चुकवणारा, त्याच त्या जागी फिरवून आणणारा कोकणातला चकवा. त्यासाठी मी विल-ओ-विस्प या तरंगत्या भुताळी दिव्याचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा तक्ता, घेतला. आर्मर क्लास १९. पहिल्या लेव्हलच्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, हल्ल्यावर अधिक ५ मिळत असतील, तर वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा वर पडायला हवं, म्हणजे ३५ टक्के शक्यता. खेळाडू वैतागतात आणि तेच हवं असतं, कारण चकवा तलवारीने सुटत नाही हे त्यांना फाशांनीच सांगितलेलं असतं. जमिनीवर पडलेल्या माणसाचा जीव ओढून घेण्याची विस्पची शक्ती मी काढून टाकली. माझ्या चकव्याला माणूस मारायचा नाही, फिरवायचा आहे. त्याऐवजी १३ चा विज्डम सेव्ह (फासा टाकून, शहाणपणाचे गुण मिळवून १३ गाठायचे) ठेवला: हुकलात की पुन्हा त्याच पिंपळाखाली. आमच्या टेबलापुरता उतारा असा की सगळ्यांनी एका जागी बसायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत उठायचं नाही. खेळाडूंना गप्प बसवणं ड्रॅगन मारण्यापेक्षा अवघड आहे. रात्रीच्या प्रत्येक प्रहरी एकेका पात्राला कोणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारतं, आणि उठायचं की नाही हे त्याने ठरवायचं. आमच्या चार्टर्ड अकाउंटंटचं पात्र, रोग (चोर), दोनदा उठलं.

कातडं बदललं तरी आकड्यांचं वजन मात्र ओळखून असा. ओगरचा, म्हणजे पुस्तकातल्या आडदांड राक्षसाचा, मी खवीस केला. त्याचा फटका म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४, सरासरी १३. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) १४ असेल तर, ८. नियम असा की शून्यावर आल्यावर उरलेलं नुकसान पूर्ण हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर पात्र जागीच संपतं. म्हणजे १६ किंवा वर गेलं की खेळ खलास, आणि लागलेल्या चारेक फटक्यांतला एक तेवढा असतो. तिसऱ्या लेव्हलला त्याच विझर्डचे २० होतात आणि खवीसाचा मोठ्यात मोठा फटकाही २०चाच. क्रिटिकल (नुकसानाचे फासे दुप्पट करणारा फटका) बसला तरी तो आडवा होईल, पण वाचवता येईल. म्हणून खवीस तिसऱ्या लेव्हलला. आणि त्याला एकटा आणू नका. पाच खेळाडूंच्या पाच चाली झाल्यावर त्याची एक येते, तोवर तो अर्धा झालेला असतो. हिट पॉइंट वाढवले तर लढाई फक्त लांबते. सोबत तीन वानरं द्या.

हे सगळं ठरवायच्या आधी सेशन झिरो घ्याच. फासे न टाकता एक संध्याकाळ: कोण कोण आहे, किती गंभीर खेळायचं, कोणत्या गोष्टी टेबलावर नकोत. आमच्यातली एक मालवणची. तिच्या घरी राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला, अजून गाऱ्हाणं घालतात. मी देवचार कॅम्पेनमध्ये आणणार म्हटल्यावर ती म्हणाली, "आण, पण त्याच्याशी मारामारी नको." रास्त होतं. तेव्हापासून आमच्या देवचाराला स्टॅट ब्लॉकच नाही. तो रात्री काठी आणि मशाल घेऊन गावाची शीव फिरतो, नारळ ठेवला तर एका प्रश्नाचं उत्तर देतो, खोटं बोलणाऱ्याला देत नाही. ज्याला हिट पॉइंट द्याल त्याला खेळाडू कधी ना कधी मारणारच, तेव्हा जे मारायचं नाही त्याला आकडेच देऊ नका.

तयारी एका पानात बसली पाहिजे. कथानक लिहू नका, माणसं लिहा. माझ्या पानावर तिघं आहेत. जकातदाराला ही नाणी गुपचूप वितळवायची आहेत. व्यापाऱ्यांच्या श्रेणीला (संघाला) घाट पावसाळ्याआधी मोकळा हवा. लेण्यातल्या म्हातारीला तो राजा कोण हे ठाऊक आहे आणि तो गादीवर यायला नको आहे. प्रत्येकासमोर एक ओळ: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर हा पुढच्या पंधरवड्यात काय करेल? पावसाळा हे फार कामाचं घड्याळ आहे. मृगाचा पाऊस पडला की घाट बंद, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. आणि पुढे जायला लागणारी माहिती कधीही एकाच जागी लपवू नका. नाणी खोटी नाहीत हे सोनाराकडून कळेल, जकातदाराच्या वहीतून कळेल आणि म्हातारीकडूनही. तिन्हींपैकी दोन ठिकाणी खेळाडू जाणारच नाहीत, हे धरून चाला.

टेबलावर आम्ही मराठीच बोलतो, नियमांचे शब्द इंग्रजी राहतात, कोणाचं काही अडत नाही. एक फायदा मात्र फुकट मिळतो. जकातदार सगळ्यांना अरे-तुरे करतो. ज्या दिवशी तो एखाद्या पात्राला "या, बसा" म्हणतो, त्या दिवशी टेबलावरचे सगळे सावध होतात. फासे तेव्हाच मागा जेव्हा हुकण्यानेही काहीतरी घडेल. कुलूप उघडलं नाही आणि सगळे तिथेच उभे, हा निकाल निरुपयोगी. कुलूप उघडलं पण पहारेकरी जागा झाला, हा चांगला.

नियम बदलायची वेळ येईल तेव्हा एका वेळी एकच बदला आणि आधी सांगा. आमच्याकडे प्रवास जास्त, दिवसाला जेमतेम एक लढाई, आणि रात्रभर झोपून उठलं की विझर्डचे सगळे स्पेल (मंत्र) परत. घाटाची भीती उरेना. डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकातच याला पर्याय दिलेला आहे: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची, लाँग रेस्ट (स्पेल परत देणारी मोठी विश्रांती) सात दिवसांची. तो घेतला. विझर्ड खेळणारा माझा भाचा आठवडाभर फुगून बसला, पण आता तो स्पेल मोजून वापरतो आणि गावात परतायचा हट्टही तोच धरतो. नाण्यांना आम्ही कार्षापण (प्राचीन भारतातलं नाणं) म्हणतो, हा बदल कोणालाच खुपला नाही.

शेवटी, कॅम्पेन मरतात ती तारखा न जुळल्याने. वार पक्का करा आणि पाचपैकी तिघं आले तरी खेळा. जो आला नाही त्याचं पात्र पायथ्याच्या गावात तापाने पडलेलं असतं. सेशन संपताना, लोक चपला घालत असतानाच, विचारून घ्या: पुढच्या वेळी कुठे जाणार? लेण्याकडे म्हणाले तर फक्त लेणं तयार करा, सोनाराचं दुकान राहू द्या.