नेट फास्ट आहे तरी लॅग येतोय? राउटरमध्ये एसक्यूएम लावा

स्पीड टेस्टला नेट एकदम झकास, पण कॉलवर आवाज तुटतोय आणि गेममध्ये पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) मधेच ४०० ला जातोय, असं असेल तर प्लॅन वाढवून फारसं काही होणार नाही. प्रॉब्लेम स्पीडचा नाही, रांगेचा आहे. घरात कुणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप सुरू होतो, अपलोड भरतं, मॉडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, साचत जातात आणि तुमचं गेमचं एवढंसं पॅकेट त्यांच्या मागे ताटकळत बसतं. यालाच बफरब्लोट म्हणतात. एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) म्हणजे ही रांग मॉडेमऐवजी राउटरमध्ये नीट सांभाळणारी सोय.

आधी खात्री करा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग चालू ठेवा आणि एखादी मोठी फाईल अपलोडला टाका. आधी १५ दाखवणारा पिंग २००-३०० झाला तर आजार हाच. हललाच नाही, डाउनलोड लावूनही नाही, तर खालचं काही करत बसू नका, बहुतेक वायफायचा घोळ आहे आणि त्याला हा उपाय नाही.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकता येणारं मोफत फर्मवेअर) असेल तर एसक्यूएमचं पॅकेज टाका, नेटवर्क मेनूत त्याचं पान येतं. इंटरफेस वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) निवडा, लॅनचा (घराच्या बाजूचा) नको, नाहीतर डाउनलोड-अपलोड उलटं होतं. क्यू डिसिप्लिनमध्ये केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक. आता खरं काम आकड्यांचं. प्लॅनवर लिहिलेला स्पीड टाकायचा नाही, संध्याकाळी सगळे ऑनलाइन असताना मोजलेला घ्यायचा आणि त्याच्या ८५-९० टक्के भरायचा, कारण आकडा लाइनपेक्षा जास्त झाला की रांग परत मॉडेममध्ये लागते आणि तुमच्या राउटरच्या हातात काहीच राहत नाही. खाना केबीपीएसचा आहे हां, म्हणजे अपलोड २० एमबीपीएस मिळत असेल तर १७००० टाका, नुसतं १७ टाकलंत तर नेट बंद पडल्यासारखंच वाटेल. मग पिंग चालू ठेवून ५००-५०० ने वाढवत जा, पिंग चढायला लागला की एक पायरी मागे. अपलोड जमलं की डाउनलोड तसंच, फक्त तिथे पायऱ्या मोठ्या घ्या. थोडा स्पीड जातो, जाऊ दे.

लिंक लेयरच्या टॅबमध्ये जुनी एडीएसएल लाइन असेल तर एटीएम निवडा, ओव्हरहेड ४४. फायबरला इथरनेट, तिथेही ४४ चालतं.

आकडे बरोबर असूनही फरक पडत नसेल तर हार्डवेअर ऑफलोडिंग चालू आहे का बघा, ते चालू असलं की पॅकेट्स एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात, बंद करा. आणि स्पीड अर्ध्यावर आला असेल तर राउटरचा सीपीयू धापा टाकतोय, केकऐवजी एफक्यू-कोडेल आणि सिंपलेस्ट स्क्रिप्ट लावा, ते हलकं पडतं.

कंपनीच्या फर्मवेअरमधलं क्यूओएस बऱ्याचदा फक्त कुठल्या डिव्हाइसला आधी सोडायचं एवढंच ठरवतं (बॉक्सवर गेमिंग लिहिलेलं असलं तरी!), पण त्यात बँडविड्थचा खाना असेल तर तिथेही हाच ८५-९० टक्क्यांचा आकडा टाकून पिंग बघा, कधीकधी तेवढ्यानेही भागतं.