शिकवणी लावली तरी मार्क जागचे हलत नाहीत? या चुका टाळा

शिकवणीहून मुलगी घरी येते आणि म्हणते, "आज सगळं समजलं." आई-वडील खूश, शिकवणारेही खूश. पंधरा दिवसांनी चाचणीचा पेपर हातात पडतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

तेरा ते सोळा वयाच्या मुलांच्या शिकवण्या मी बरीच वर्षं घेते आहे. सुरुवातीला माझ्याही मुलांचं हेच व्हायचं आणि दोष मी बिनदिक्कत त्यांच्यावर ढकलायचे. मग एकदा एका विद्यार्थिनीची वही निवांत चाळायला घेतली. पानंच्या पानं सुबक सोडवलेली होती. फक्त जवळजवळ प्रत्येक गणिताची पहिली ओळ माझ्या अक्षरात होती. सुरुवात मी करून द्यायची, पुढचं ती भराभर संपवायची. परीक्षेत ती पहिली ओळ लिहायला मी शेजारी नव्हते, एवढाच काय तो प्रश्न होता. त्या दिवसापासून तासभरात पेन कोणाच्या हातात जास्त वेळ असतं, याच्यावर मी डोळा ठेवते.

"घरी येतं, पेपरात आठवत नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि खापर परीक्षेच्या भीतीवर फुटतं. भीती असतेही, पण बऱ्याचदा कारण साधं असतं. उत्तर समोर असताना ते ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः काढणं वेगळं. घरी पहिल्याचा सराव होतो, पेपरात दुसरं मागतात.

रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटं झालं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. "सगळं समजलं" या वाक्यावर मी भरवसा ठेवत नाही तो यामुळेच.

उपाय फुकटचा आहे. तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद, कोरा कागद, मागच्या वेळचं जे आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने मुलाने स्वतः भरायचं. पहिले काही दिवस कागद अर्धा रिकामा राहतो, मुलं वैतागतात, आणि पालकांना वाटतं शिकवण्याचा वेळ वाया चालला आहे. तरी हे सोडू नका.

इथेच शिकवणाऱ्याची एक खोड आडवी येते. मूल गप्प बसलं की आपल्याला राहवत नाही. वर्गातले शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, असं मेरी बड रो या संशोधक बाईंना आढळलं होतं. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांब झाली आणि "माहीत नाही" कमी झालं. शांतता झाली की मी आता पाण्याची बाटली तोंडाला लावते. तोंडात पाणी असलं की उत्तर सांगता येत नाही.

"वेंधळेपणामुळे मार्क गेले"

हा शब्द घरात वापरणं बंद करा, कारण त्याच्या आड बरंच काही लपतं. ३ − (क्ष − २) हा कंस सोडवून मुलगा ३ − क्ष − २ लिहितो आणि उत्तर १ − क्ष काढतो. बरोबर उत्तर ५ − क्ष. एकदा झालं तर नजरचूक म्हणू. तीन पेपरांत तेच दिसलं तर कंसाबाहेरचं वजा चिन्ह आतल्या प्रत्येक पदाला लागतं, हेच त्याला पटलेलं नाही. त्याला "लक्ष दे" सांगून काय उपयोग?

म्हणून जुने तपासलेले पेपर हीच माझी पहिली मागणी असते. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे मूल स्वतः लिहितं: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला. चारही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. वेळ संपणाऱ्या मुलाला धडा पुन्हा शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला घड्याळ लावून पेपर सोडवायला हवेत आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जायची सवय हवी. प्रश्न न वाचणाऱ्याकडून आधी "कारणे लिहा", "तुलना करा", "सिद्ध करा" या शब्दांखाली रेघ मारून घ्या.

"धडा येतो, पण सगळं एकत्र आलं की गोंधळ"

एका प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवली की हात बसतो, पण कोणती पद्धत लावायची हा निर्णय वीसपैकी एकदाच घ्यावा लागतो. रोरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची गणितं होती. प्रकारवार सराव करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिला गट २० टक्क्यांवर आला, दुसरा ६३ वर. सराव गुळगुळीत चाललाय म्हणून निर्धास्त राहू नका. मी कधीकधी दहा मिसळलेली गणितं देते आणि सोडवू देत नाही. फक्त "कशाने सुटेल आणि का" एवढंच सांगायचं.

काही चुकांवर फार बोलायची गरज नाही. शिकवणीत शाळेचा गृहपाठ उरकून घेणं: वही चकाचक होते, चाचणीत काही बदलत नाही. रात्री उशिराचा तास: १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि ती कापून केलेला अभ्यास सकाळी डुलक्या घेतो. मुलासमोर त्याच्याबद्दल पालकांशी असं बोलणं, जणू ते खोलीत नाहीच: चौदाव्या वर्षी हे फार झोंबतं.

आणि परीक्षेला महिना उरल्यावर शिकवणी लावणं. तहान लागल्यावर विहीर खणणारे दरवर्षी येतात, मी त्यांना परत पाठवत नाही. पण पहिल्या धड्यापासून सुरुवातही करत नाही. वर सांगितलेली गुणांची यादी काढायची, सगळ्यात जास्त गुण खाणारी दोन-तीन कारणं धरायची, बाकीचं निमूट सोडून द्यायचं. पालकांना हे सोडून देणं सगळ्यात जड जातं.

शिकवणी बदलायचा विचार असेल तर त्याआधी दोन महिन्यांची वही उघडून बसा आणि पहिल्या ओळी कोणाच्या अक्षरात आहेत ते बघा. मूल परत आल्यावर "आज काय शिकवलं?" ऐवजी "आज कुठे अडलास?" विचारून पाहा. "कुठेच नाही" हे उत्तर सलग आठवडाभर आलं, तर शिकवणाऱ्यांना फोन करा.