बायबलमधला एक दाखला आठवडाभर कसा वाचावा

पुष्कळ ख्रिस्ती घरांत सकाळी वचन वाचलं जातं आणि डब्यांच्या घाईत तिथेच राहतं. वाचन मनापासून झालेलं असतं, पण घरातल्या हिशोबाच्या वहीपर्यंत किंवा कुणाशी बोलण्याच्या सुरापर्यंत ते पोचत नाही. मला वाटतं, आपण फार भराभर वाचतो आणि फार मोघम अर्थ काढतो.

खालची रीत माझी नाही, ती जुनी आहे. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या, कार्थुसियन या एकांतवासी ख्रिस्ती संघातल्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. इथे ती एकाच दाखल्याला लावून दाखवतो. दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आहे द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा, मत्तय २०:१-१६ (अध्याय २०, ओव्या १ ते १६). मळ्याचा मालक सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या वेळी मजूर लावतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो, म्हणून सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

१. उतारा ठरवा आणि आठवडाभर तोच ठेवा

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट जिथे पडेल ते आजचं वचन मानायचं, ही सवय सोडा. त्यातून देवाचं म्हणणं कमी आणि आपल्या मनातलंच जास्त ऐकू येतं. कॅथलिक असाल तर येत्या रविवारचं शुभवर्तमान घ्या. रविवारच्या मिस्साचे, म्हणजे उपासनेचे, पाठ तीन वर्षांच्या चक्रात ठरलेले असतात. हा दाखला मत्तयचं शुभवर्तमान वाचण्याच्या वर्षात सामान्य काळाच्या (मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या) पंचविसाव्या रविवारी येतो. इतर मंडळ्यांत पाळकांना पुढच्या उपदेशाचा उतारा आधी विचारून ठेवता येतो.

भाषेला अडखळत असाल तर दुसरं भाषांतर घ्या, त्यात कमीपणा नाही. साध्या बायाबापड्यांना वाचून कळावं म्हणूनच पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

२. थोडं आधीपासून, मोठ्याने वाचा

हा दाखला एकोणिसाव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या ओवीपासून वाचा. तिथे शिष्य पेत्र येशूला विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? पुढची गोष्ट त्या प्रश्नाच्या उत्तरात आलेली आहे. हे लक्षात आलं की ती नुसती मळेवाल्याची राहत नाही, देवाकडे स्वतःचा हिशोब मांडणाऱ्या प्रत्येकाची होते. घरात मुलं असतील तर त्यांना वाचायला द्या.

३. त्या काळचा व्यवहार समजून घ्या

दिवस सूर्योदयापासून मोजत. तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, सहावा दुपारचे बारा, नववा तीन आणि अकरावा म्हणजे संध्याकाळचे पाच. एक दिनार ही दिवसाची मजुरी. संध्याकाळी पैसे चुकते करणं ही मालकाची मेहेरबानी नव्हती. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नको असं लेवीय १९:१३ मध्ये आहे, आणि 'अनुवाद' या पुस्तकात २४:१५ मध्ये कारणही दिलं आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांवर लागलेला असतो.

एवढी माहिती पुरे. टीपांच्या पुस्तकांत रमून मूळ उतारा विसरू नका.

४. गोष्टीत आपली जागा शोधा

इथे घाई नको. चार-पाच दिवस याच पायरीवर गेले तरी चालतील. रोज एका माणसाच्या जागी बसून पाहा.

एक दिवस पाच वाजताचा मजूर व्हा. तो आळशी नाही. दिवसभर इथे का उभे, असं विचारल्यावर तो म्हणतो, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. आपल्याकडच्या कोणत्याही मजूर अड्ड्यावर सकाळी उशिरा जाऊन बघा. धडधाकट तरुण केव्हाच गेलेले असतात. मागे उरतात ते वयस्कर, किरकोळ अंगाचे, गावाहून नवे आलेले. त्यांच्या घरीही तेवढीच तोंडं असतात. तासाभराच्या मजुरीत त्या घरी संध्याकाळी काय शिजलं असतं?

एक दिवस सकाळपासून राबलेला मजूर व्हा. त्याने ऊन सोसलंय, त्याचा राग खोटा नाही. पण मालकाने पैसे शेवटच्यांपासून वाटायला लावले म्हणून तो राग आला. पहिल्यांना आधी दिले असते तर ठरलेला दिनार घेऊन ते आनंदाने घरी गेले असते. दुसऱ्याच्या हातातला दिनार दिसला आणि स्वतःचा लहान वाटायला लागला. पगारवाढीच्या महिन्यात ऑफिसात हेच घडतं, आणि भावाभावांच्या वाटणीतही.

मग मालक पाहा. त्याच्याकडे कारभारी आहे, तरी तो स्वतः पुन्हा पुन्हा बाजारात जातो. मला या दाखल्यातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं: जो उरला आहे त्याला शोधायला देव स्वतः निघतो.

जिथे मन अडतं तिथेच प्रार्थना करा, साध्या बोलीत. राग आला असेल तर रागच सांगा.

५. एक माणूस, एक रक्कम, एक वेळ

"मी उदार होईन" असा निश्चय दुपारपर्यंतही टिकत नाही. कुणासाठी, किती आणि केव्हा, ते ठरवा. घरकामाच्या मावशींच्या आजारपणातल्या दोन खाड्यांचे पैसे या महिन्यात कापायचे नाहीत. नळ दुरुस्त करणाऱ्याला "उद्या या" न म्हणता काम संपताच पैसे द्यायचे. बढती मिळालेल्या सहकाऱ्याचं मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मनापासून अभिनंदन करायचं.

एक धोका आहे. "माझ्या पैशांचं मला हवं ते करण्याची मुभा नाही का?" हे पंधराव्या ओवीतलं वाक्य कमी मजुरी देणाऱ्यांना फार आवडतं. पण ते बोलणाऱ्या मालकाने ठरलेली मजुरी कुणाचीच कापली नव्हती. त्याने फक्त जास्त दिलं होतं. ज्याचा पगार थकलाय त्याला हा दाखला ऐकवून गप्प बसवणं तर पापच. त्याच्यासाठी याकोब ५:४ आहे: अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती आरोळी देवाच्या कानी पोचते.

६. रात्री पाच मिनिटं

संत इग्नाती लोयोला यांनी दिवसाच्या परीक्षणाचा क्रम घालून दिला आहे. आभार माना, प्रकाश मागा, दिवस आठवा, चुकलं त्याची क्षमा मागा, उद्याचं ठरवा. घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला हे जोडलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. ठरवलेली गोष्ट राहून गेली असेल तर नवीन काही न ठरवता तीच उद्यावर घ्या.

आठवड्याच्या शेवटी घरात किंवा प्रार्थनागटात एकमेकांना विचारा, कुणाला कुठली जागा सापडली? एकट्याने वाचणारा बहुधा स्वतःला मालकाच्याच जागी बसवतो.

पुढच्या आठवड्यांसाठी: घरकामाने कंटाळलेल्यांनी मार्था आणि मरीयेचा प्रसंग घ्यावा, लूक १०:३८-४२. कर्ज, गहाण जमीन आणि सावकारी हा विषय असेल तर नहेम्या ५. परक्या गावी पोटासाठी गेलेल्यांनी रूथ घ्यावं. अध्याय चारच आहेत, महिनाभर पुरतील.