हौसेचा तानपुरा घेताना

आमच्या गाण्याच्या वर्गातले बहुतेक जण नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारे आहेत. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत "यंदा हौसेपायी काय घेतलंत?" हा प्रश्न हमखास निघतो. कोणी जुनी पेटी मोडून नवी घेतलेली असते, कोणी शिसवी खोडाचा तबला आपल्या स्वरात बनवून घेतलेला असतो. मी २०२२ साली मिरजेहून तानपुरा आणला. बॅगेसह तो मला ३४ हजार रुपयांना पडला आणि घरखर्च, कर्जाचे हप्ते व शिकवण्या यांतून उरलेल्या पैशांतून मी स्वतःसाठी केलेली ती आजवरची सर्वांत मोठी खरेदी आहे. त्यानंतर वर्गातल्या पाच-सहा जणांनी "आम्हालाही घ्यायचा आहे, काय बघायचं ते सांगा" म्हणून विचारले. त्यांना तोंडी जे सांगितले, तेच येथे लिहून ठेवते.

खरे तर हा माझा दुसरा तानपुरा. पहिला मी शहरातल्या एका दुकानातून, फोनवर पाठवलेली छायाचित्रे पाहून मागवला होता. दांडीवर वेलबुट्टी होती, भोपळ्यावर पानांची नक्षी होती आणि पॉलिश आरशासारखे होते. पहिल्याच पावसाळ्यात भोपळ्याच्या पाठीवर केसासारखी एक रेघ उमटली. ती जुनी चीर होती आणि भरून वर पॉलिश मारल्यामुळे झाकली गेली होती. दोन खुंट्या तर मुळातच धरत नव्हत्या. षड्ज, म्हणजे सा, लावून गायला बसावे आणि अस्ताई संपेपर्यंत जोड, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा, उतरलेली असावी, असे रोजचे झाले होते. त्यामुळे माझे पहिले सांगणे हेच आहे की तानपुरा छायाचित्रावरून कधीही घेऊ नये. तो हाताने चाचपून आणि कानाने ऐकून घ्यायचा असतो, आणि ऐकताना आपल्याच गळ्याने त्यात गाऊन पाहायचे असते.

दुकानात जाण्यापूर्वी आपली पट्टी, म्हणजे ज्या स्वराला सा मानून आपण गातो तो स्वर, पक्की झालेली असली पाहिजे. तानपुरा विशिष्ट पट्टीसाठीच बांधलेला असतो. पुरुष साधारणपणे पेटीवरच्या काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात आणि त्यांचा तानपुरा मोठा असतो. भोपळ्याचा घेर ५० इंचांच्या पुढे जातो. स्त्रिया बहुधा पांढरी पाच, काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात आणि त्यांचा तानपुरा घेराने व लांबीने लहान असतो. तारांची जाडी बदलून एखाद-दुसऱ्या स्वराचा फरक सांभाळता येतो, पण काळी एकचा तानपुरा काळी चारपर्यंत चढवायला गेलात तर तारा तुटतात, आणि काळी चारचा खाली उतरवलात तर तारा सैल पडून नाद मरतो. शिकायला लागल्यावर पहिली एक-दोन वर्षे आवाज खाली-वर होत असतो, गुरुजीही पट्टी बदलून पाहत असतात. तेवढा काळ मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर भागवावे. मी स्वतः सुरुवातीला पांढरी पाचमध्ये गात होते आणि आता काळी चारमध्ये स्थिर झाले आहे. घाई केली असती तर आधीच्याच पट्टीचे वाद्य घेऊन बसले असते.

मिरजेला जावे, असे मी आग्रहाने सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या शिकलगार कुटुंबातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, आणि त्या परंपरेतली घरे आजही सतारमेकर म्हणूनच ओळखली जातात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातच त्यांचे दफन झाले. ज्या गावात गायक आणि कारागीर असे शेजारी नांदले, तेथे वाद्याला कान लाभतो, असे मला मनापासून वाटते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कार्यशाळेत गेलात की एका खोलीत वाळलेल्या भोपळ्यांची रास, दुसरीत दांड्या कोरणारे हात आणि तिसरीत पॉलिशचा वास, असे सगळे एकाच ठिकाणी दिसते. मुख्य म्हणजे दहा वाद्ये एकापाठोपाठ एक छेडून पाहता येतात.

पाहायला लागाल तेव्हा भोपळ्यापासून सुरुवात करा. हा भोपळा भाजीचा नसतो. तो जाड सालीचा आणि कडू असतो, मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो आणि चांगला वाळल्यावरच कामाला घेतात. बोटाच्या पेराने त्याच्या पाठीवर, दोन्ही कुशींवर आणि गळ्याजवळ हलकेच टकटक करा. सगळीकडे सारखा, घुमणारा आवाज आला पाहिजे. एखाद्या जागी आवाज बद्द येत असेल, तर तेथे आतून डागडुजी केलेली असण्याची शक्यता असते. नंतर वाद्य खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात फिरवा. भरलेली चीर पॉलिशखालीही रेघेसारखी चमकते. (हे मला कोणी आधी सांगितले असते तर!) भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली तबली आणि दांडी तुणीच्या लाकडाची असते. लाकूड जितके मुरलेले तितका नाद स्थिर. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून टोकापासून टोकापर्यंत नजर टाका, म्हणजे ती वाकलेली किंवा पिळलेली असल्यास लगेच कळते. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या गळ्याच्या सांध्यावरून नख फिरवून पाहा. नख कुठेही अडकता कामा नये.

खुंट्यांची परीक्षा वेळ घेऊन करावी. तानपुरा आपल्या पट्टीत लावून घ्यावा, मग चहा घ्यावा, कारागिराशी बोलत बसावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा छेडून पाहावा. नवी तार थोडी उतरणारच, पण खुंटी स्वतःहून मागे फिरत असेल तर ती नीट बसवून द्यायला सांगावे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेले मणी सहज सरकतात का, हेही पाहावे, कारण स्वराची शेवटची बारीक जुळणी त्यांनीच करायची असते.

यानंतर जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारांना आणलेला झणकार, आणि माझ्या मते तानपुऱ्याची खरेदी म्हणजे जवारीचीच खरेदी. घोडीचा माथा वरवर सपाट दिसला तरी तो अगदी किंचित बाकदार घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर लोळल्यासारखी टेकत-सुटत राहते आणि त्यामुळे एका तारेतून अनेक उपस्वर बाहेर पडतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्यांचा निष्पंद बिंदू (कंप नसलेली जागा) पडतो ते उपस्वर नेहमीच्या नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तानपुऱ्यात मात्र तेही ठळकपणे ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. कारागीर हे सारे कानस, पॉलिशपेपर आणि सुती धाग्याने साधतो. माझ्या तानपुऱ्याची जवारी काढली तेव्हा मी समोरच बसले होते. त्यांनी तारा बाजूला सारल्या, घोडीवरून कानस दोन-तीनदाच अलगद फिरवली, फुंकर मारली, तारा पुन्हा जागेवर आणल्या आणि छेडून ऐकले. असे सात-आठ वेळा झाले. मग प्रत्येक तारेखाली धागा सरकवला. तो धागा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे-मागे होताच बंद, कोरडा वाटणारा आवाज एकदम उघडला आणि खोलीभर पसरला. त्या धाग्याला तिथे "जीव" म्हणतात.

जवारी उघडी हवी की गोल, हे आपल्या आवाजावर ठरवावे. उघड्या जवारीत झणकार अधिक असतो आणि दुकानात ती लगेच मोहात पाडते, पण नाजूक आवाजाच्या गायकाला ती झाकून टाकते. गोल जवारीत स्वर भरीव आणि शांत राहतो. डोळे मिटून चारही तारा सावकाश छेडाव्यात. पहिली तार मधल्या बोटाने आणि पुढच्या तीन तर्जनीने, असा क्रम ठेवावा. मग आपला षड्ज लावावा आणि तो तानपुऱ्यात विरघळतो की वेगळा राहतो, ते ऐकावे. खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार, नीट लागला आणि जवारी चांगली असेल, तर कोणीही न छेडलेला गंधार वर तरंगताना ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार ज्या वाद्यात मला विनासायास ऐकू आला, तेच मी घेतले. त्यावर नक्षी जवळजवळ नव्हतीच. पहिली तार पंचमाबरोबर मध्यमात आणि निषादातही लावून पाहावी, कारण उद्या मालकंस किंवा मारवा गायचा झाल्यास तीच तार बदलून लावायची आहे.

किंमत ठरते ती भोपळ्याच्या आकारावर, लाकडावर, घोडीवर आणि कोरीवकामावर. पैसे मोजकेच असतील तर ते पहिल्या तिन्हींवर घालावेत आणि नक्षी सोडून द्यावी. घोडी शिसवी, एबनी किंवा उंटाच्या हाडाची मिळते. कोणी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची देऊ करत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा, कारण त्यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. जाड अस्तराच्या बॅगेसाठी मात्र हात आखडता घेऊ नये. मैफलीसाठी दोन तानपुऱ्यांची जोडी हवी असेल, तर दोन्ही तानपुरे एकाच कारागिराकडून, एकाच वेळी बनवून घ्यावेत.

घरी आणताना तारा थोड्या उतरवून, घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड लावून वाद्य बांधावे आणि गाडीत भोपळ्यावर काहीही ठेवू देऊ नये. घरात ते बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवू नये. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि तरीही आठवड्यातून दोनदा वाद्य बाहेर काढून कोरड्या मलमलीने पुसावे. पहिल्या सहा-आठ महिन्यांत तारा घोडीवर आपली रेघ पाडतात आणि आवाज चरचरायला लागतो. हा वाद्याचा दोष नव्हे, जवारी पुन्हा काढून घ्यायची वेळ आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तानपुरा विकत घेतानाच कारागिराला विचारून ठेवावे की तो आपल्या गावी कधी फेरी मारतो, की वाद्य त्याच्याकडे न्यावे लागेल. माझे कारागीर वर्षातून दोनदा पुण्याला येतात. ते आले की आम्ही वर्गातले सहाही तानपुरे एकाच घरी नेऊन ठेवतो आणि दिवसभर त्यांच्या शेजारी बसून राहतो.