अवयव पाडताना हरवलेला एक

आमच्या डिचोलीकडच्या गावात चौथीपर्यंत शाळा मराठी. पाचवीला हायस्कूलमध्ये गेलो आणि गणित एकदम इंग्रजी बोलायला लागलं. पुढे ‘फॅक्टराईज’ हा शब्द फळ्यावर आला तेव्हा मी तो नुसता उतरवून घेतला. शेजारचा दादा म्हणाला, "अरे, अवयव पाडायचे! बाराचे तीन गुणिले चार करतोस ना, तेच." अंगणात कुंपणासाठी आणलेले चिरे पडले होते. त्यातले १२ त्याने तीन-तीनच्या चार ओळींत मांडले, मग दोन-दोनच्या सहा. तेरावा घेतला आणि मांडणी मोडली. एकच लांब रांग.

क्ष² + ७क्ष + १२ मध्ये हेच करायचं. गुणाकार १२ आणि बेरीज ७ येईल अशी जोडी हवी. १२ नि १, ६ नि २, ४ नि ३... सापडली. (क्ष + ३)(क्ष + ४). जोड्या मनात शोधू नका, समासात लिहा. शेवटचं पद उणे असेल तर जोडीतला एक अधिक, एक उणे. शेवटचं अधिक पण मधलं उणे, तर दोन्ही उणे.

माझी फजिती झाली ती चाचणीत, २क्ष² + ७क्ष + ३ वर. दोन त्रिक सहा, म्हणून ७ फोडले ६ आणि १ असे: २क्ष² + ६क्ष + क्ष + ३. पहिल्या दोन पदांतून २क्ष बाहेर काढले, २क्ष(क्ष + ३). उरलेल्या क्ष + ३ मधून काढण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी ते सोडूनच दिलं! काही निघत नाही तिथे १ निघतो: २क्ष(क्ष + ३) + १(क्ष + ३), म्हणजे (२क्ष + १)(क्ष + ३). आता शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी तो १ लाल पेनाने लिहायला लावतो. कुरकुरतात, पण लिहितात.

क्षच्या जागी १ ठेवून बघितलं असतं तरी चूक सापडली असती. मूळ राशी १२ येते, माझं उत्तर ८. एखाद्या किमतीला योगायोगाने जुळतंही, म्हणून वेळ असेल तर कंस गुणूनच बघा.

आणि सामाईक काय आहे ते सगळ्यात आधी बाहेर काढा. ३क्ष² − २७ बघून अडायला होतं. ३ बाहेर काढले की आत क्ष² − ९ उरतं, पुढे ३(क्ष − ३)(क्ष + ३). क्ष² + ९ आलं तर मात्र शाळेच्या गणितात झटापट करू नका. ते तेरा चिरे आहेत.