ग्रंथमित्र पुरस्कारासाठी आपल्या वाचनालयातल्या माणसाचा प्रस्ताव कसा करायचा

वर्षानुवर्षं कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा, कोणाला काय वाचायला आवडतं ते तोंडपाठ असणारा असा एक तरी माणूस बहुतेक वाचनालयांत असतो. अशा लोकांसाठी राज्य सरकारचा एक पुरस्कार आहे, डॉ. एस. आर. रंगनाथन उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्ता व सेवक पुरस्कार, सगळे त्याला ग्रंथमित्र पुरस्कारच म्हणतात. राज्यात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं हजारोंनी आहेत आणि कितीतरी लायक माणसं फक्त एवढ्यासाठी मागे राहतात की त्यांचा प्रस्तावच कोणी करत नाही, किंवा केला तरी त्यात "थोर, निःस्वार्थी, तळमळीचे" एवढंच असतं आणि पुढे काही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम, आपला माणूस कशात बसतो ते ठरवा. कार्यकर्ता म्हणजे पगार न घेता काम करणारा, अध्यक्ष, कार्यवाह, संचालक वगैरे. सेवक म्हणजे वाचनालयाच्या पगारावर असलेला, ग्रंथपाल, लिपिक, शिपाई. हो, शिपाईसुद्धा, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. पुरस्कार राज्य पातळीवर आणि विभाग पातळीवर असा दोन्हीकडे असतो.

मग जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जा. फोनवर काम भागवू नका, प्रत्यक्ष जा. अर्ज त्यांच्यामार्फतच मुंबईला ग्रंथालय संचालनालयाकडे जातात. त्या वर्षीचं पत्रक आणि अर्जाचा नमुना मागून घ्या, वयाची-सेवेची अट, शेवटची तारीख, किती प्रती, सगळं त्या पत्रकावरूनच बघा, मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि पत्रक निघायची वाट बघत बसलात तर उशीर होतो, कारण खरं काम कागद गोळा करायचं आहे आणि त्याला वेळ लागतो.

आता मुख्य गोष्ट. या माणसांनी स्वतःच्या कामाची नोंद कधीच ठेवलेली नसते, पण वाचनालयाची नोंद मात्र इमानाने ठेवलेली असते, म्हणून त्यांचं आयुष्य वाचनालयाच्या रजिस्टरांतूनच शोधावं लागतं. दाखल नोंदवही काढा, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद करतात ती, ते आले त्या साली शेवटचा दाखल क्रमांक काय होता आणि आज काय आहे ते लिहून घ्या. सभासद नोंदवहीवरून तेव्हाचे आणि आताचे सभासद, देवघेवीच्या नोंदींवरून रोज किती पुस्तकं बाहेर जातात. इतिवृत्ताची वही तर पूर्ण वाचाच, कंटाळा येईल पण वाचा, बालविभाग सुरू करायचा ठराव कोणी मांडला, जागेसाठी ग्रामपंचायतीकडे कोण गेलं, अनुदान उशिरा आलं तेव्हा पगार न घेता कोण थांबलं, हे सगळं त्यात तारखेनिशी सापडतं. सरकार वाचनालयांना अ ते ड असे वर्ग देतं, ड सगळ्यात खालचा, तुमचं वाचनालय ड वर्गातून क, मग ब असं चढलं असेल तर त्या मंजुरीची पत्रं लावा, वर्ग वाढण्यामागे काय मेहनत असते ते कार्यालयाला वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतर त्या माणसाशी बोलायला बसा. "सर तुमचं योगदान सांगा" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं, "मी काय केलं, समितीने केलं." प्रसंग विचारा. पुराचं पाणी शिरलं तेव्हा काय केलंत, चिपळूणसारख्या ठिकाणी 2005 आणि 2021 दोन्ही पुरांत वाचनालयात पाणी गेलं होतं, तशी वेळ आपल्याकडे आली होती का, कुठली पुस्तकं आधी वर उचललीत? वाळवी लागली तेव्हा काय केलंत? पुस्तक परत न आणणाऱ्याच्या घरी कसे गेलात? मग बघा माणूस कसा मोकळा होतो. फोन मध्ये ठेवून रेकॉर्ड करा, अर्थात विचारूनच. आणि दोन-तीन जुन्या वाचकांनाही भेटा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास तिथल्या अभ्यासिकेत करून नोकरीला लागलेला एखादा, किंवा दुपारी मासिकं न्यायला येणाऱ्या काकू. त्यांच्याकडून एकेक पानाचं पत्र त्यांच्याच भाषेत घ्या, तुम्ही सुधारायला जाऊ नका.

लिहिताना अडलात तर ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे त्या रंगनाथनांचाच आधार घ्या. ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि ग्रंथालयाची पाच सूत्रं त्यांनी 1931 साली मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. मला प्रस्तावासाठी यापेक्षा चांगला आराखडा माहीत नाही. बंद कपाटं उघडून मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायची सोय, आणली का, हे पहिल्या सूत्रात. घराबाहेर पडता न येणाऱ्या आजोबांना पुस्तक घरपोच दिलं, ते दुसऱ्यात. धूळ खात पडलेलं चांगलं पुस्तक दारातल्या टेबलावर मांडून लोकांच्या हातात दिलं, ते तिसऱ्यात. विषयवार मांडणी किंवा कॉम्प्युटरवर यादी केली असेल तर चौथं. आणि पाचव्यासाठी रजिस्टरातले आकडे आहेतच. एकेका सूत्राला एक-दोन खरे प्रसंग पुरे, मोठमोठी विशेषणं सगळी काढून टाका.

सोबत जोडायला अहवालांच्या प्रती, वर्तमानपत्रातली कात्रणं (त्यावर तारीख आणि पेपरचं नाव लिहाच), फोटो. फोटो मोजकेच लावा, सत्काराचे हारतुरे घातलेले दहा फोटो लावण्यापेक्षा मुलं जमिनीवर बसून वाचतायत असा एक फोटो लावा. प्रत्येक कागदाला नंबर द्या आणि मजकुरात त्या नंबरचा उल्लेख करा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधावं लागत नाही. समितीचा ठराव लागणार असेल तर सभा वेळेत लावून घ्या, आणि तुमच्या मनातला माणूस स्वतःच कार्यवाह असेल तर ठरावावर सही दुसऱ्या पदाधिकाऱ्याची असलेली बरी.

तुमचा माणूस वाचनालयातला नसेल तर मात्र हा अर्ज नाही. प्रकाशन संस्थेसाठी राज्य सरकारचा श्री. पु. भागवत पुरस्कार आहे, मौज आणि सत्यकथावाल्या भागवतांच्या नावाचा, आणि लेखकाच्या आयुष्यभराच्या कामासाठी विंदा करंदीकर जीवनगौरव. ती दोन्ही मराठी भाषा विभागाकडची कामं.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. सगळ्या कागदांचा एक पूर्ण संच वाचनालयात फाईल करून ठेवा आणि स्कॅन करून समितीतल्या दोघांकडे तरी द्या. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी त्यात फक्त नवीन अहवाल घालायचा आणि परत द्यायचा.